स्टॉकहोमचा प्लॅन आणि बाबांचा लाल पेन

दिवाळीच्या साफसफाईत बाबांच्या कपाटात जुन्या डायऱ्यांमध्ये दहा क्रोनाची एक नोट सापडली, मळकी, मधोमध घडी पडलेली. बाबा दापोडीच्या एका स्वीडिश कंपनीत ३१ वर्षं क्वालिटीला होते. (पुण्याबाहेरच्यांसाठी सांगते, दापोडी-चिंचवडच्या पट्ट्यात स्वीडिश कंपन्या बऱ्याच, त्यामुळे आमच्या लहानपणी 'गोरा साहेब' म्हणजे इंग्रज नाही, स्वीडिश.) ऐंशीच्या दशकात तिकडून एक साहेब ऑडिटला यायचे, ती नोट त्यांनी दिलेली. नोटेबरोबर एक गोष्टपण दिलेली जी आम्ही दोघा भावंडांनी हजार वेळा ऐकली आहे. एका राजाने मोठं लढाऊ जहाज बांधायला घेतलं, अर्ध्यात ड्रॉइंग बदलायला लावलं, तोफा वाढवल्या आणि जहाज पहिल्याच दिवशी बंदरातच बुडालं. बाबा ही गोष्ट कुठेही लावायचे, माझं सायन्सवरून कॉमर्सला जायचं चाललं होतं तेव्हा, भावाच्या लग्नाचा हॉल बदलायची वेळ आली तेव्हा, आईने ओट्याची जागा हलवायचं काढलं तेव्हा. "ड्रॉइंग फायनल झाल्यावर हात लावायचा नाही."

मी नोट हातात घेऊन सहज म्हटलं, बाबा ते वासा जहाज आता पाण्यातून काढून स्टॉकहोमच्या म्युझियममध्ये ठेवलंय, बघून येऊया का. आमच्या घरात सहज म्हटलेलं फार महागात पडतं.

तर हा त्या चार रात्रींच्या ट्रिपचा हिशोब. टूर कंपनीबरोबर का नाही गेलात असं सगळ्यांनी विचारलं. एकतर त्यांच्या स्कँडिनेव्हियाच्या टूरमध्ये स्टॉकहोमच्या वाट्याला जेमतेम एक-दीड दिवस येतो, आणि दुसरं म्हणजे बाबा ७१ वर्षांचे, गुडघे कुरकुरतात, पण एखाद्या गोष्टीसमोर उभे राहिले की दीड तास हलत नाहीत. असा माणूस बसमधल्या चाळीस लोकांना झेपणार नाही. जाणारे तिघं, मी, नवरा आणि बाबा. आईने पहिल्याच वाक्यात अंग काढून घेतलं, "आंब्याच्या दिवसात घर सोडून थंडीत कोण जातं, मी रत्नागिरीला ताईकडे जाते, तुम्ही या बघून जहाज."

पण मे ठरायच्या आधी जून ठरला होता. नवऱ्याला २० जूनच्या आसपास सुट्टी मिळत होती, शुक्रवार धरून चार दिवस, मी तिकिटांचे भावही बघून ठेवलेले. मग एका रेस्टॉरंटच्या वेळा बघायला गेले तर त्या शुक्रवारी बंद, दुसरं बघितलं ते बंद, दुकानं बंद, म्हटलं हा काय प्रकार, तर मिडसमर. १९ ते २५ जूनच्या मध्ये जो शुक्रवार येतो तो त्यांचा मिडसमर ईव्ह आणि त्या दिवशी शहरातला माणूस उठून गावाकडे नाहीतर बेटावरच्या कोणाच्यातरी लाकडी घरी जातो, फुलांचे मुकुट घालून खांबाभोवती नाचतो. म्हणजे गणपतीत चाकरमानी कोकणात निघून जातो ना, तसंच. आणि आपण नेमके तेव्हा लाखो रुपये घालून बंद शटरं बघायला जायचं. जून कटाप.

नवऱ्याचं मग डिसेंबर सुरू झालं, ख्रिसमस मार्केट, बर्फ, नोबेल वगैरे. मी सूर्योदयाची वेळ काढून दाखवली. डिसेंबरच्या मध्यात तिथे पावणेनऊच्या सुमाराला उजाडतं आणि दुपारी तीनच्या आत सूर्य मावळतो. बाबा म्हणाले, "मग बघायचं काय, अंधार?" उलट मेच्या शेवटी पहाटे चारच्या आधीच उजेड आणि रात्री साडेनऊ झाले तरी दिवस. थोडक्या दिवसांच्या ट्रिपला हा फुकटचा उजेड फार कामाचा, कारण म्युझियमं पाच-सहाला बंद झाली तरी पुढे चार तास नुसतं फिरता येतं. थंडी असते पण स्वेटर आणि वाऱ्याला अडवणारं जॅकेट पुरतं. त्यामुळे मेचा चौथा आठवडा, गुरुवारी पोचायचं, सोमवारी निघायचं. मुंबईहून दोहामार्गे तिकीट मिळालं.

व्हिसाबद्दल (शेंगेन व्हिसा, युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच) लोक फार घाबरवतात. नियम साधे आहेत, प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी १५ दिवस आधी अर्ज, फी मोठ्यांना ९० युरो अधिक अर्ज घेणाऱ्या व्हिसा सेंटरचे पैसे, ३०,००० युरोचं कव्हर असलेला ट्रॅव्हल इन्शुरन्स, बँक स्टेटमेंट, आयटीआर, ऑफिसचं रजेचं पत्र, ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो, बोटांचे ठसे. मुख्य म्हणजे ज्या देशात सगळ्यात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. एक एजंट मला म्हणाला, मॅडम, दुसऱ्या एका देशाचं हॉटेल बुकिंग दाखवू, तिथली अपॉइंटमेंट पटकन मिळते, एकदा व्हिसा लागला की उतरा कुठेही. मी घरी येऊन सांगितलं. बाबांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "म्हणजे टेस्ट सर्टिफिकेट एका मालाचं आणि माल दुसरा?" एजंट कटाप.

फेब्रुवारीच्या शेवटी मी तिघांच्या फाइली केल्या आणि बाबांकडे 'फक्त सही करा' म्हणून दिल्या. ही माझी चूक. बाबांनी दोन दिवस घेतले. रिटायर होऊन तेरा वर्षं झाली तरी त्यांच्याकडे लाल पेन असतो, त्याने त्यांनी प्रत्येक कागदावर टिका मारल्या आणि चौथ्या पानावर गोल. इन्शुरन्सवर त्यांचं मधलं नाव नव्हतं, पासपोर्टवर होतं. शिवाय मी नवऱ्याच्या इन्शुरन्सची शेवटची तारीख आपण निघतो त्या दिवसाची टाकली होती, भारतात पोचतो त्या दिवसाची नाही. फाइलवर लाल अक्षरात 'रीवर्क'. मला राग आला आणि मग लाज वाटली. नावात असा फरक राहिला की सेंटरवर परत पाठवतात, मैत्रिणीच्या सासूबाईंचं तसंच झालं होतं. सुधारून भरलं, सतराव्या दिवशी पासपोर्ट घरी. कव्हर लेटरमध्ये मी ट्रिपचं कारण 'वडील स्वीडिश कंपनीतून निवृत्त, वासा जहाज पाहण्याची इच्छा' असं सरळ लिहिलं होतं, त्याचा उपयोग झाला की नाही देव जाणे, पण खोटं काही आठवून ठेवायला लागलं नाही.

आता हॉटेल. स्टॉकहोममध्ये एक सापळा आहे तो म्हणजे स्वस्तात दिसणारी छान छान रूम ज्याला खिडकीच नसते. फोटोत कळत नाही, पडदा लावलेला असतो आणि पडद्यामागे भिंत. रूमचं नाव नीट वाचायचं, त्यात 'विंडोलेस' कुठेतरी बारीक अक्षरात असतं. मी एक बुक करून बसले होते, नशीब कॅन्सल होणारी होती. बाबांना दाखवल्यावर ते म्हणाले, गोडाऊनमध्ये झोपायला एवढ्या लांब कशाला, दापोडीतच झोपलो असतो. नवऱ्याने शोधून काढलेली वेगळीच गंमत, आफ चॅपमन नावाचं १८८८ सालचं शिडाचं जहाज शेप्सहोल्मेन बेटापाशी कायमचं उभं आहे आणि त्यात हॉस्टेल आहे. जहाजात झोपून जहाज बघायला जायचं! मला फार आवडली होती आयडिया पण बंक बेड, आणि बाबांना रात्री दोनदा उठायला लागतं. ज्यांचे गुडघे शाबूत आहेत त्यांनी जरूर बघा.

शेवटी जागा ठरवली ती ट्रेनवरून. आरलांडा एअरपोर्ट शहरापासून चाळीसेक किलोमीटर. सगळे जण आरलांडा एक्सप्रेस सांगतात, १८-२० मिनिटांत सेंट्रल स्टेशन, वेगवान आहे आणि त्या वेगाचे पैसेही घेतात. मग बस आहे, पाऊण तास. आणि तिसरी आपली लोकल, पेंडलटोग म्हणतात तिला. एअरपोर्ट स्टेशनचा वेगळा चार्ज देऊनही ती एक्सप्रेसपेक्षा स्वस्त पडते, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ती सेंट्रलला थांबून संपत नाही, पुढे थेट सोदरमाल्म बेटावरच्या साउथ स्टेशनला जाते. म्हणजे बॅगा घेऊन गाडी बदलायची भानगड नाही. मग हॉटेल त्या स्टेशनपासून चालत सात-आठ मिनिटांवर घेतलं, मेडबोरियारप्लात्सेनच्या बाजूला (हे नाव म्हणायला मला तीन आठवडे लागले). आधी छान हॉटेल आणि मग तिथे कसं जायचं असं न करता आधी रूळ बघितला आणि रुळाच्या कडेला हॉटेल. मुंबईत घर घेताना करतो तेच. आणि हो, युरोपातल्याच दुसऱ्या शहरातून स्वस्त विमानाने येणार असाल तर एअरपोर्टच्या नावातलं 'स्टॉकहोम' बघून भुलू नका, स्काव्स्टाला उतरलात तर शहर शंभर किलोमीटर लांब आहे.

मग आली ती एक्सेल. खरं सांगायचं तर मी तीन महिने ऑफिसमध्ये लंच टाइमला ती एक्सेल भरत होते आणि त्यात २७ ओळी झाल्या होत्या. राजवाडा, नोबेल म्युझियम, सिटी हॉल, स्कान्सेन, वासा, आब्बा या स्वीडिश पॉप बँडचं म्युझियम, फोटोग्राफिस्का, ड्रोटनिंगहोमचा राजवाडा, वॅक्सहोम या बेटावरच्या गावची बोट, मेट्रो स्टेशनं, ती ९० सेंटिमीटरची गल्ली, काय काय. प्रत्येक ओळीला वेळ, तिकीट, जवळचं स्टेशन. कलर कोडिंग पण केलं होतं. मी सिटी पासचा हिशोब पण मांडला, तो वसूल व्हायला रोज कमीत कमी तीन ठिकाणं करायला लागतात. नवरा म्हणाला करू की. मी म्हटलं बाबांबरोबर तीन? आळंदीला गेलो की ते बाहेरच्या दुकानात अर्धा तास पितळेच्या समईचं वेल्डिंग बघतात.

प्रिंट काढून बाबांना दिली. दुसऱ्या दिवशी २७ पैकी एका ओळीला टिक होती, वासाला. बाकी २६ ओळींसमोर लाल पेनाने 'वेळ असल्यास'.

मी जरा चिडले कारण एवढा अभ्यास केला होता. पण नंतर तो कागद समोर ठेवूनच प्लॅन केला आणि तो चांगला झाला. एका दिवसात तिकिटाचं ठिकाण एकच, बाकी सगळं पायाला आणि बोटीला. ड्रोटनिंगहोम गेलं कारण राजवाड्यांत बाबांना रस नाही, "पडदे आणि झुंबरं, सगळीकडे तेच." स्कान्सेन काढताना जिवावर आलं, १८९१ सालचं ते उघड्यावरचं म्युझियम, स्वीडनभरातून जुनी घरं उचलून आणून टेकडीवर मांडलीत, पण तो अख्खा दिवस आणि सगळी चढण. ते पुढच्या वेळेला. आब्बा म्युझियम नवऱ्याच्या हट्टामुळे प्लॅनमध्ये टिकलं, त्याच्या काकाकडे कॅसेटी होत्या म्हणे. ते वासाच्या जवळच आहे, एकाच यूरगोर्डेन बेटावर, त्यामुळे शनिवारी सकाळी दहा ते बारा वासा, मग जेवण, दुपारी तीनचं आब्बा. वेळेचं तिकीट आधीच काढलं. वासाला 'दोन तास' मी लिहिले तेव्हा बाबा काही बोलले नाहीत, तिथेच मला कळायला हवं होतं.

शुक्रवारी सिटी हॉल आणि जुनं गाव. सिटी हॉलमध्ये आपलं आपण फिरता येत नाही, गाइडबरोबरच आत सोडतात, पाऊण तासाची टूर असते. तिथल्या ब्लू हॉलमध्ये १० डिसेंबरला नोबेलची मेजवानी होते (बक्षीस तिथे देत नाहीत, ते कॉन्सर्ट हॉलमध्ये, हे मलाही माहीत नव्हतं), आणि तो ब्लू हॉल निळा नाहीये, लाल विटांचा आहे. आर्किटेक्ट राग्नार ओस्टबेरीला निळा रंग द्यायचा होता, पण विटा इतक्या छान दिसल्या की तशाच ठेवल्या आणि नाव मात्र आधीच पडलेलं. हे गाइडने सांगितल्यावर बाबा माझ्या कानात म्हणाले, "ड्रॉइंग अपडेट केलं नाही." रविवारी वॅक्सहोमची बोट. सोमवारी सकाळी मेट्रो आणि एअरपोर्ट. बस्स.

मेट्रोबद्दल एक सांगायलाच पाहिजे. खडक फोडून केलेली स्टेशनं आणि खडक तसाच उघडा ठेवून त्यावर रंगवलंय, टी-सेंट्रालेनला निळ्या वेली, सोल्नाला लालभडक आभाळ आणि खाली हिरवं जंगल, कुंग्स्ट्रेडगोर्डेनला तर जमिनीखाली जुन्या महालाचे पुतळे. शंभरातल्या नव्वदेक स्टेशनांवर काही ना काही आहे. साध्या तिकिटात हे सगळं. ७२ तासांचा पास काढला की लोकल, मेट्रो, बस, ट्राम आणि स्लुसेनहून यूरगोर्डेनला जाणारी छोटी फेरी बोट पण त्यातच. ६५ वर्षांच्या वरच्यांना सवलत आहे, पण ती गेटवर बँक कार्ड टॅप केलं तर मिळत नाही, फुल तिकीटच कापलं जातं, सवलतीचं अॅपमधून काढायचं. हे मी आधी वाचून ठेवलं होतं म्हणून वाचले, नाहीतर लाल पेन.

पैसे. स्वीडनमध्ये युरो नाही, क्रोना, आम्ही गेलो तेव्हा साधारण नऊ रुपयांच्या घरात. रोख जवळजवळ चालतच नाही, बऱ्याच दुकानांवर पाटीच असते की कॅश घेत नाही, सार्वजनिक टॉयलेटला पण कार्ड. बाबांना हे पटेना, 'परदेशात खिशात काहीतरी असावं'. शेवटी त्यांनी ती दहा क्रोनाची नोट घेतली. मी सांगितलं की ती केव्हाच बाद झाली आहे, आता दहाचं नाणं असतं, नोट नसते, आणि २०१७ पर्यंत तर त्यांनी सगळ्याच नोटा बदलून टाकल्या. "असू दे, चालवायला नाही नेत मी."

खाण्याची सगळ्यात जास्त काळजी होती आणि ती सगळ्यात कमी लागली. बाबा अंडं खातात, मासे-मटण नाही. मी थेपले, मेतकूट, दाण्याची चटणी, रेडी उपमा असं दोन किलो भरलं. पण नाश्ता असलेलं हॉटेल घ्या हा माझा सगळ्यांना सल्ला आहे, पैसे जास्त वाटतात पण तिथला नाश्ता म्हणजे जेवणच, ब्रेड, चीज, अंडी, फळं, आणि फिल्मयोल्क नावाचं एक पातळसर आंबट दही. बाबांनी पहिल्या दिवशी वाटीत घेऊन वास घेतला, मीठ घातलं, खिशातून मेतकुटाची पुडी काढली आणि चार दिवस त्यांचा नाश्ता तोच. दुपारी कामाच्या दिवशी साधारण अकरा ते दोन 'दागेन्स लुंच' म्हणून रोजचं ताट मिळतं, त्यात सॅलड, ब्रेड, कॉफी सगळं धरून, संध्याकाळपेक्षा बरंच स्वस्त, तेव्हाच पोटभर जेवायचं आणि संध्याकाळी फलाफल नाहीतर रूमवर थेपले. एक मात्र बघा, गुरुवारी जिकडेतिकडे पिवळ्या वाटाण्याचं सूप आणि पॅनकेक असतात, जुनी पद्धत आहे त्यांची, ते सूप दिसतं थेट वरणासारखं, पण त्यात डुकराचं मांस असतं. बाबांची वाटी भरता भरता राहिली. बाटलीचं पाणी विकत घेऊ नका, नळाचं पाणी उत्तम. आणि ज्यांना 'तशी' खरेदी करायची आहे त्यांनी ती शनिवारी तीनच्या आत करायची, सरकारी दुकान असतं, रविवारी बंद. नवऱ्याला हे शनिवारी साडेतीनला कळलं.

तर शनिवार. स्लुसेनहून फेरीने गेलो, दहा मिनिटांची बोट पण डाव्या हाताला जुनं गाव मागे सरकत जातं ते बघून मी एक्सेलमधल्या दहा ओळी माफ केल्या. वासाच्या आत शिरलं की आधी काही दिसत नाही, अंधारलेलं आणि गार आहे, लाकडासाठी तसं ठेवतात, जॅकेट काढू नका. आणि मग डोळे सरावतात आणि तो काळसर डोंगर अंगावर येतो. ६९ मीटर लांब. १० ऑगस्ट १६२८ ला निघालं, जेमतेम १३०० मीटर गेलं, वाऱ्याचा झोत आला, कललं, खालच्या तोफांच्या खिडक्या उघड्याच होत्या, त्यातून पाणी आत आणि संपलं. तीसेक माणसं गेली. ३३३ वर्षं तळाशी होतं, १९६१ मध्ये वर काढलं. बाल्टिकच्या पाण्यात मीठ कमी, त्यामुळे लाकूड पोखरणारा किडा तिथे जगत नाही, म्हणून ते टिकलं. वर काढल्यावर वाळून तडकू नये म्हणून १७ वर्षं त्यावर मेणासारखं केमिकल फवारत होते. "सतरा वर्षं," बाबा म्हणाले, "आणि आमच्याकडे पेंट सुकायच्या आत डिस्पॅच."

इंग्रजी गाइड टूर घेतली आणि तिथे बाबांच्या गोष्टीचा बुडखाच हलला. त्या मुलीने सांगितलं की तेव्हा जहाजाची ड्रॉइंगं करतच नसत, कारागिराच्या डोक्यात मापांची प्रमाणं असायची, त्यावरून बांधायचे. बाबांनी हात वर केला. नो ड्रॉइंग? नो ड्रॉइंग. चाळीस वर्षं जी गोष्ट सांगितली तिच्यातलं ड्रॉइंगच गायब. मला वाटलं त्यांना वाईट वाटेल. ते उलट सरसावले, "देन इन्स्पेक्शन अगेन्स्ट व्हॉट?" ती हसली आणि म्हणाली, टेस्ट झाली होती. निघायच्या आधी ३० माणसांना डेकवर डाव्या बाजूपासून उजव्या बाजूपर्यंत पळवून बघितलं, तीन फेऱ्यांत जहाज इतकं हलायला लागलं की अॅडमिरलने टेस्टच थांबवली. थांबवली, आणि तरी जहाज सोडलं, राजाची घाई होती. मुख्य कारागीर आदल्या वर्षीच वारलेला. चौकशी बसली आणि कोणालाच शिक्षा झाली नाही. बाबा नवऱ्याकडे वळून म्हणाले, "जावईबापू, टेस्ट फेल, माल पास. हे सगळीकडे असतं."

साडेबाराला मी घड्याळ दाखवलं. एकला परत दाखवलं. बाबा तेव्हा एका काचेपुढे उभे होते जिथे कामगारांच्या मोजपट्ट्यांची गोष्ट लिहिली होती. जहाजावर चार पट्ट्या सापडल्या, दोन स्वीडिश फुटाच्या, १२ इंचांच्या, आणि दोन अॅमस्टरडॅमच्या फुटाच्या, ११ इंचांच्या. कारागीर दोन देशांचे, प्रत्येकाची पट्टी वेगळी. जहाजाची डावी बाजू उजवीपेक्षा जाड आहे म्हणे. बाबा काहीच बोलले नाहीत. खिशातून वही काढून त्यांनी ते उतरवून घेतलं, हळूहळू, तारीख टाकून. मग दोन पावलं मागे आले, परत वाचलं. आयुष्यभर ज्या माणसाने दर सोमवारी सकाळी शॉपमधल्या व्हर्नियर मोजपट्ट्यांचं कॅलिब्रेशन तपासलं त्याला या काचेपुढून 'चला उशीर होतोय' म्हणून ओढायची माझी हिंमत झाली नाही. नवऱ्याने मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, आब्बा राहू दे, मी तिकीट बुडालं असं धरतो. लग्नाला चौदा वर्षं झाली, याच्याइतकं रोमँटिक तो कधी बोलला नव्हता.

आम्ही चार वाजता बाहेर पडलो. दोन तासांचे सहा तास. जेवण तिथल्याच कॅफेत, दालचिनीचा बन आणि कॉफी, बाबांना वेलचीचा पण दिला, तो त्यांना आपल्या नानकटाईच्या चुलतभावासारखा लागला. परतीच्या बोटीत वारा होता, बाबा बाकावर बसून म्हणाले प्लॅनचा कागद दे. मी दिला, शनिवारचं पान. वाटलं आब्बा खोडतील. त्यांनी 'दोन तास' ला गोल केला, बाजूला 'प्रत्यक्ष ६' लिहिलं, आब्बासमोर काट मारली, खाली रेघ ओढली आणि त्यांच्या त्या टेस्ट रिपोर्टवरच्या तिरक्या अक्षरात लिहिलं, 'अॅक्सेप्टेड अंडर डेव्हिएशन', म्हणजे ठरल्यापेक्षा वेगळं, तरी मान्य, सही, तारीख. आणि ती दहा क्रोनाची नोट त्याच कागदात घडी करून ठेवून दिली.